आंबवडे येथील भूशास्त्र परिषद : स्वागताध्यक्षांचे भाषण

अध्यक्षमहाराज, विद्वान प्रतिनिधी आणि ग्रामस्थहो,

रोहिडखोऱ्यातील या आंबवडे गावी मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. नागेश्वराचे प्राचीन देवालय, संस्थानकालीन झुलता पूल, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या, इतकी संपदा एका लहान गावाच्या पदरी असली, तरी एका समाधीपाशी आपण अवश्य थांबावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ती शंकराजी नारायण सचिवांची. राजाराम महाराज जिंजीस असता रामचंद्रपंत अमात्यांच्या बरोबरीने ज्यांनी मुलूख आणि किल्ले राखले, ज्यांच्या सचिवपदातून आणि वतनातून पुढे भोर संस्थान उभे राहिले, त्या पुरुषावर 1707 साली शाहू महाराज दक्षिणेत परतताच असा प्रसंग गुदरला की, ताराराणीस दिलेली शपथ मोडवेना आणि संभाजी महाराजांच्या पुत्राविरुद्ध शस्त्रही धरवेना. अखेर त्यांनी याच गावी देह ठेवला. इतिहासग्रंथांत त्यांना लाभलेली जागा तोकडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला विषय पुरातन भूखंडीय कवचाचा. आमच्या डोंगरांत दिसतो तो सारा काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांहून थोडा जुना. परंतु कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे घेतलेल्या वेधनात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट भेदल्यावर ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म लागले, त्यांचे वय 270 कोटी वर्षांच्या आसपास भरले, हे ऐकल्यापासून पायाखालच्या भूमीविषयी माझा आदर दुणावला आहे. जलयुक्त बेसाल्ट खोलवर अंशतः वितळून असे हलके कवच घडते. आणि मनसर-तिरोडीकडील सौसर पट्ट्यासारख्या ठिकाणी भूखंडांच्या टकरीत ते पुन्हा तापते, दुमडते, तेव्हा झिरकॉनच्या इवल्या कणात जुन्या गाभ्याभोवती नवी कड चढते. या दोन्ही काळांचा हिशेब एका कणातून काढणाऱ्या आपल्या विद्येस मी वंदन करतो.

व्यवस्थेत उणिवा पुष्कळ आहेत. निवास शाळेच्या खोल्यांत आहे, पहाटे ऊन पाणी सर्वांना एकदम पोहोचणार नाही, विजेची हमी देता येत नाही. या सर्वांबद्दल समितीच्या वतीने क्षमा मागतो. आंबेमोहोर पोत्यांनी देणारे शेतकरी, दुधाचा रतीब घालणारे गवळी, भाकऱ्या थापण्याचे पत्करलेल्या माउली, बिछायत-कनातीची तजवीज करणारे तरुण आणि नाव पुकारू नये या अटीवर रोख रक्कम खजिनदारांकडे जमा करणारे दाते, या सर्वांचे ऋण आम्ही शिरावर घेतले आहे. उद्या देवालयाकडे निघताना ओढ्याकाठची वाट निसरडी असेल, वयोवृद्धांनी हाती काठी घ्यावी. काठ्या मंडपाच्या दारी ठेवल्या आहेत.