पेनिशचा किल्ला

लिस्बनच्या उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरांवर, अटलांटिक महासागरांत घुसलेल्या एका भूशिरावर पेनिश नांवाचें मच्छीमारांचें गांव आहे. पोर्तुगाल पाहावयास गेलेला प्रवासी वास्को द गामाची समाधि पाहून सहसा लिस्बनहूनच परततो. गोमंतकाशीं ज्याचें नातें आहे त्यानें मात्र पेनिशची वाट अवश्य धरावी.

तेथील किल्ला सोळाव्या-सतराव्या शतकांतला. समुद्रावरून येणाऱ्या शत्रूस बाहेर ठेवण्यासाठीं तो उभारला. पुढें १९३४ पासून १९७४ पर्यंत चाळीस वर्षें स्वदेशींच्या माणसांस आंत ठेवण्यासाठीं तो वापरला गेला. सालाझारच्या राजवटीनें आपले राजकीय विरोधक येथें कोंडले. २०१६ सालीं ही वास्तु हॉटेलासाठीं खाजगी हातीं देण्याची योजना निघाली होती. जेथें माणसें वर्षानुवर्षें कुजलीं तेथें प्रवाशांनीं चहा घ्यावा, ही कल्पनाच विलक्षण! जुन्या बंदिवानांनीं व नागरिकांनीं ओरड केली, योजना बारगळली, आणि २७ एप्रिल २०२४ रोजीं तेथें प्रतिकार व स्वातंत्र्य यांचें राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय उघडलें.

आंत गेल्यावर एका स्मारकावर अडीच हजारांहून अधिक बंदिवानांचीं नांवें वाचावयास मिळतात. भेटीची खोली पाहतांना पाऊल अडखळतें. एका बाजूस कैदी, दुसऱ्या बाजूस त्याचीं बायकामुलें, मध्यें कांच, आणि प्रत्येक शब्दावर पहारेकऱ्याचा कान. शिक्षेची एकान्त कोठडी समुद्राच्या बाजूस आहे. तींतून दियाश लोरेंसो नांवाचा कैदी १९५४ च्या डिसेंबरांत निसटला आणि त्यानें तटावरून थेट समुद्रांत उडी टाकली.

याहून धाडसाची गोष्ट ३ जानेवारी १९६० ची. कम्युनिस्ट पुढारी आल्व्हारो कुन्याल व त्यांचे नऊ सोबती त्या दिवशीं पळाले. समोरच्या रस्त्यावर एक मोटार सामानाचा कप्पा उघडा टाकून थांबली, तीच खूण. एका पहारेकऱ्यास क्लोरोफॉर्म देऊन निजवलें होतें, आणि कटांत सामील झालेल्या दुसऱ्यानें एकेका कैद्यास आपल्या झग्याखालीं झांकून उघड्या जागेपलीकडे नेलें. पुढें गांठी मारलेल्या चादरींचा दोर झाला.

परंतु याच तटाआड, कुन्याल यांच्या पलायनापूर्वीं बारा-तेरा वर्षें, गोव्याचेही बंदिवान आणले गेले होते. मडगांवांत १८ जून १९४६ रोजीं डॉ. राममनोहर लोहिया यांच्या सभेनें नागरी हक्कांची चळवळ पेटली. तिच्या पाठोपाठ त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांस अटक झाली. चांदरचे हे गृहस्थ. १९२८ सालीं गोवा काँग्रेस समितीची स्थापना त्यांनींच केली होती. आधीं आग्वादच्या कोंदट कोठडींत ठेवून, लष्करी न्यायालयापुढें उभें करून, आठ वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांस सातासमुद्रांपलीकडे पेनिशला धाडण्यांत आलें. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांच्याही वांट्यास हाच किल्ला आला.

सरकारचा हेतु स्पष्ट होता: माणूस त्याच्या मुलखापासून इतका दूर न्यावा कीं त्याची हांक घरीं पोहोंचूं नये. तेथें घडलें तें निराळेंच. ज्यांस पोर्तुगीज म्हणून केवळ जुलमी राज्यकर्तेच ठाऊक होते, त्यांस त्याच राज्यकर्त्यांनीं गजाआड टाकलेले पोर्तुगीज भेटले. आपल्या इतिहासांत ही बाजू फारशी सांगितली जात नाहीं, आणि पेनिशचें महत्त्व नेमकें तींत आहे. कुन्हा १९५३ सालीं पोर्तुगालमधून निसटले, पॅरिसमार्गें मुंबईस आले आणि १९५८ सालीं तेथेंच वारले.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. पेनिशच्या कोठड्यांचीं कुलुपें मात्र तशींच राहिलीं. खुद्द पोर्तुगीजांस आणखी बारा वर्षें वाट पाहावी लागली. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनें तें सरकार उलथलें, २७ तारखेस कैदी बाहेर आले, आणि त्याच वर्षीं ३१ डिसेंबरला नव्या पोर्तुगीज सरकारनें दिल्लींत करारावर सही करून गोवा भारताचा असल्याचें मान्य केलें.