पोपटाची आंघोळ
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



पक्षी पाळण्याविषयी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी संकोचले. कारण सांगण्यासारखी माझ्यापाशी एक चूकच आहे. पण ती ऐकून दुसऱ्या घरचा एखादा पक्षी वाचला, तर बरेच होईल.

माझ्या आजोळी ओसरीवर राघूचा पिंजरा असे. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपले देशी पोपट पाळता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. माझ्या नातवाने आणला तो कॉकटील, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, डोक्यावर तुरा असलेला.

त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी पडे. मला वाटले, मळ! एके दिवशी त्याला मुठीत धरले आणि नळाखाली साबण लावून खसखसून धुतले. तो चोच उघडून धापा टाकू लागला, मान टाकली. मी घाबरून मूठ सोडली, म्हणून वाचला. पण पुढे दोन महिने माझा हात दिसला की कोपऱ्यात जाई.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी समजावले, "आजी, ती भुकटी मळ नव्हे, पिसांचे रक्षण करणारी त्याची स्वतःचीच पूड आहे. साबणाने पिसे बिघडतात. आणि पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती हलली तरच श्वास चालतो. छाती आवळली की नाक मोकळे असूनही तो गुदमरतो."

तेव्हापासून मी आंघोळ घालत नाही. ती त्याची त्याला करू देते. सकाळी उथळ ताटलीत बोटाच्या पेराएवढे साधे, कोमट पाणी ठेवते. कधी फवाऱ्याने वरून पावसासारखे तुषार सोडते, तोंडावर मात्र नाही. पंखा बंद ठेवते. तो दूर सरला, तर त्या दिवशी आंघोळ नाही! संध्याकाळच्या आत पिसे वाळली पाहिजेत, एवढेच पाहते.

हाताळतानाही झडप घालू नये. पायांच्या जरा वर, पोटाशी बोट न्यावे. तो आपणहून चढतो. मी आधी तळहातावर राळे ठेवून कित्येक दिवस नुसती बसून राही.

गेल्या श्रावणात खिडकीशी पिंजरा होता. भुरभुर पाऊस आला आणि स्वारी उलटी लटकून, पंख पसरून भिजू लागली. मग अंग झटकून माझ्या बोटावर येऊन बसली. भगिनींनो, माया करणाऱ्या हातालाही थांबायला शिकावे लागते, हे मला त्या पाखराने शिकवले.