पिल्लाचे पहिले शंभर दिवस

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



सेक्रेटरींनी मला भाषणाचं विचारलं, तेव्हा त्यांना वाटलं असणार की हा मुदत ठेवींवर बोलेल. पण बँकेतून निवृत्त झालो तशी व्याजदरातूनही निवृत्ती घेतली. मी आज कुत्र्याच्या पिल्लावर बोलणार आहे. अलीकडे आपल्याकडे बऱ्याच घरांत पिल्लं आली आहेत, आणि या विषयात मी एकदा सपशेल नापास झालोय. नापास झालेल्याला पेपर जास्त चांगला आठवतो!

जुन्या सभासदांना माझा मोती आठवत असेल. तो लिफ्टमध्ये असला की तुम्ही जिन्याने जायचात. मोती सात आठवड्यांचा असताना घरी आला. डॉक्टर म्हणाले, "लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका." मी ऐकलं, "घराबाहेर काढू नका." हेड ऑफिसचं सर्क्युलर आल्यासारखी मी त्याची अंमलबजावणी केली. चार महिने मोतीने आम्हा दोघांशिवाय माणूस पाहिला नाही. मग एक दिवस पट्टा लावून खाली नेला. वॉचमनची काठी, स्कूटरचा आवाज, चेंडूमागे धावणारी मुलं, सगळंच त्याला राक्षसासारखं. आधी तो थरथरायचा, पुढे भुंकायला लागला. आम्ही म्हणायचो, "वा, राखणदार झाला." ती राखण नव्हती हो, भीती होती. मला ती ओळखता आली नाही.

दीड वर्षाचा असताना लिफ्टमध्ये एका सात वर्षांच्या मुलाने प्रेमाने त्याच्या डोक्यावर हात ठेवायला नेला आणि मोती त्याच्या मनगटाला चावला. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली, लगेच दवाखान्यात नेऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू केली. मूल सुखरूप राहिलं. त्याची आई एवढंच म्हणाली, "काका, आता हा कुठल्याच कुत्र्याजवळ जाणार नाही." विशेष सभा झाली. मोतीला तोंडाला जाळी लावायची आणि पहाटे पाच व रात्री अकरा याच वेळी खाली न्यायचं, असं ठरलं. ठराव योग्यच होता, मीही हात वर केला. पण मोतीने उरलेली नऊ वर्षं ही सोसायटी फक्त अंधारात पाहिली. ती शिक्षा माझ्या चुकीची होती, भोगली त्याने.

तो गेल्यावर मी वाचायला बसलो. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. त्याचं सार असं, की वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचं दार उघडं असतं. या काळात जे भेटतं ते त्याला आपलं वाटतं, जे भेटत नाही त्याची पुढे भीती वाटू शकते. त्याच प्रयोगशाळेत काही पिल्लं १४ आठवडे माणसांपासून दूर वाढवली होती; ती नंतर माणसाजवळ यायलाच तयार होईनात. १४ आठवडे म्हणजे ९८ दिवस. मी मोतीचे नेमके तेच दिवस कुलपात ठेवले होते.

चार वर्षांपूर्वी पंपरूममागे देशी कुत्रीला पिल्लं झाली, त्यातली चिंगी आम्ही घेतली. पण आठ आठवडे तिला आईजवळच राहू दिलं. आपण चावलो की दुसऱ्याला लागतं, हा पहिला धडा भावंडंच देतात.

मग डॉक्टरांना नीट विचारलं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर. तोवर जमिनीवर सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन हिंडायला कुणाची ना आहे? मी चिंगीला भाजीच्या पिशवीत घालून हिंडवली. रोज एक नवी ओळख करून दिली. आज घंटागाडी, उद्या पाण्याचा टँकर, परवा हेल्मेट घातलेला माणूस, बी विंगमधल्या आजींची काठी. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर. प्रत्येक वेळी उकडलेल्या चिकनचा कणभर तुकडा. एक पथ्य मात्र पाळलं. जबरदस्ती नाही. ती मागे सरली की आम्हीही चार पावलं मागे. घाबरलेल्या पिल्लाला पुढे ढकललं की भीती पक्की होते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच शू-शीच्या जागेवर न्या. तिथे केली की शाबासकी. घरात झाली तर पुसून टाका, नाक घासू नका. त्याला कारण कळत नाही, फक्त तुमची भीती बसते. दात लावले तर खेळ अर्धा मिनिट बंद. मार नको. दुधाचे दात चार ते सहा महिन्यांत पडतात, तोवर चावायला खेळणं द्या, नाहीतर चपला जातील. रोज पंजे, कान, तोंड हळूच हाताळा, म्हणजे डॉक्टरांकडे कुस्ती होत नाही. आधी पाच मिनिटं, मग दहा, असं एकटं राहायला शिकवा. चॉकलेट, कांदा, द्राक्षं आणि मनुका देऊ नका; प्रसादाच्या शिऱ्यातल्यासुद्धा. आणि सहा महिन्यांनंतर शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वागेल. घाबरू नका, आपली मुलं दहावीत कशी वागली ते आठवा.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी चार नियम. आधी मालकाला विचारायचं. डोक्यावरून हात न्यायचा नाही. बाजूला उभं राहून त्याला आपल्याला हुंगू द्यायचं, मग छातीला किंवा मानेला खाजवायचं. खाताना, झोपताना हात लावायचा नाही. आणि पळायचं नाही. पालकमंडळी, तुमच्यासाठी फक्त दोन. रेबीजची लस वेळच्या वेळी आणि खाली जाताना हातात पिशवी. कुत्र्यावरची निम्मी भांडणं त्या पिशवीवाचूनच होतात.

शेवटी एक सांगतो. मनगटाला चावा बसलेला तो मुलगा आता नोकरीला लागलाय. कुत्रं दिसलं की तो अजून जिन्याने जातो. गेल्या महिन्यात मी आणि चिंगी लिफ्टमध्ये होतो, दार उघडलं, समोर तो. मी म्हटलं, "तू जा, आम्ही उतरतो." चिंगी शांत बसली होती. तो क्षणभर थांबला आणि आत आला. चार मजले आम्ही तिघं गप्प. त्याने तिला हात लावला नाही, लावावा असंही मला वाटलं नाही. उतरताना म्हणाला, "काका, ही शहाणी आहे."

चिंगीला शहाणी मी एकट्याने केलेली नाही. टाळी न वाजवता तिला हुंगू देणाऱ्या आजी, काठी खाली ठेवून बसणारा वॉचमन आणि तुमची मुलं यांनी केली. म्हणून एवढीच विनंती, यापुढे कुणी कडेवर पिल्लू घेऊन दिसलं, तर नाक मुरडू नका. दोन मिनिटं थांबा. त्या दोन मिनिटांचं व्याज पुढची बारा-चौदा वर्षं सगळ्या सोसायटीला मिळतं. बघा, शेवटी व्याजावर आलोच!