अठरा सह्या आणि एक मैत्रीण
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



ग्रंथालयाच्या नोकरीत माझी तीस वर्षं गेली. जुनं पुस्तक हातात आलं की मी मजकुराआधी सुरुवातीची पानं बघते. ते कुणाच्या परवानगीनं निघालं, हे तिथं कळतं.

आज सांगणार आहे ते पुस्तक १७७३ साली लंडनला छापलं गेलं. फिलिस व्हीटलीच्या कविता. १७६१ साली या मुलीला पश्चिम आफ्रिकेतून आणून बोस्टनला विकलं. पुढचे दात पडलेले, त्यावरून वय ठरवलं: सात-आठ वर्षं. जहाजाचं नाव ‘फिलिस’, तेच तिला चिकटवलं. आडनाव मालकाचं. आईबापांनी काय नाव ठेवलं होतं, कुणी लिहून ठेवलं नाही.

पुस्तक उघडलं की तिचं चित्र. टेबलाशी बसलीय, हातात लेखणी. भोवतीच्या चौकटीत लिहिलंय, बोस्टनच्या जॉन व्हीटली यांची नीग्रो नोकर. नोकर, बरं का! पुढे मालकाचं पत्र. आणि मग दाखला: या कविता हिच्याच आहेत अशी आमची खात्री आहे. खाली बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांची नावं. गव्हर्नर, पाद्री, व्यापारी, शिवाय खुद्द मालक. बाई एकही नाही. ‘कुणाकडून लिहून घेतलंस?’ हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही म्हणा.

आदल्या वर्षी बोस्टनमध्ये पुरेसे वर्गणीदार मिळाले नव्हते, म्हणून पुस्तक लंडनला गेलं. ते निघाल्यावर तिची सुटका झाली. तेव्हाचं तिचं एक पत्र मला कवितांहून जास्त आवडतं. न्यू हेवनच्या एका ओळखीच्या गृहस्थांना ती कळवते, की विक्रीतला निम्मा वाटा माझा आहे, माझी सगळी भिस्त त्यावर आहे, तेव्हा तुमच्या गावच्या छापखानेवाल्यांना परस्पर छापू देऊ नका. वीस वर्षांची पोर, नुकती मोकळी झालेली, आणि हिशोबाला पक्की!

पण १७७९ साली दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली, तर पुन्हा वर्गणीदार नाहीत. १७८४ साली ती गेली. त्या पुस्तकाचं हस्तलिखित हरवलं.

मग तिची पत्रं कशी राहिली? न्यूपोर्टला ओबर टॅनर नावाची तिची मैत्रीण होती. तीही गुलामच. दोघी एकमेकींना लिहीत. पुस्तकाला वर्गणीदार मिळव, असं फिलिसनं तिलाही लिहिलं होतं. ओबरनं ती पत्रं उभा जन्म सांभाळली आणि म्हातारपणी एका पाद्र्याच्या बायकोला दिली. तिच्याकडून ती मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे गेली. दाखला देणारे अठराजण होते, कागद जपणारी ही एकटी.

२००५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात फिलिसनं ओबरला लिहिलेलं एकच पत्र अडीच लाख डॉलरच्या वर गेलं. दुसऱ्या पुस्तकाला गिऱ्हाईक न मिळालेल्या बाईचं पत्र!

हे वाचलं तेव्हा मला माझी आत्या आठवली. बालविधवा, पुढे शिक्षिका झाली. तिच्या मैत्रिणीची पत्रं एका ट्रंकेत होती. आत्या गेल्यावर घर आवरताना ती रद्दीत गेली. देणारी मीच, ग्रंथपालबाई. घाईत होते. वाचलीसुद्धा नाहीत.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना तुमच्या घरातल्या बायकांची पत्रं, वह्या, जमाखर्चाच्या डायऱ्या, जे असेल ते घेऊन या. आणि एक, फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. डाग पडतो, तो जात नाही. आहे तसंच आणा.