सारखे भार आणि एका मुलीचा प्रश्न

 

प्रथम एका चुकीची कबुली देतो. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्याने एकदा त्यांचा तास माझ्याकडे आला. ‘सारखे भार एकमेकांना दूर लोटतात,’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिले. नववीतील एका मुलीने विचारले, “सर, गढूळ पाण्यातल्या मातीच्या सगळ्या कणांवर ऋणभारच असतो ना? मग तुरटी फिरवली की ते एकत्र येऊन तळाशी कसे बसतात?” मी कलाशाखेचा पदवीधर. उत्तर येईना, तेव्हा “पुस्तकात आहे तेवढे पाठ कर,” असे म्हणून तिला खाली बसवले. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. पुढे वाचून जे समजले ते सांगतो.

अशा पदार्थांसाठी थॉमस ग्रॅहॅम यांनी 1861 साली ‘कोलॉइड’ हा शब्द योजला. आपण कलिल म्हणतो. पाण्यातील भारित कणाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांची गर्दी जमते. मोकळ्या मैदानात मारलेली हाक लांब जाते, ईदच्या बाजारात ती चार पावलांवर विरते. तसेच येथे घडते. अत्यंत शुद्ध पाण्यात कणाचा प्रभाव मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागापर्यंत पोहोचतो. लिटरभर पाण्यात 58 मिलिग्रॅम मीठ टाकले की हे अंतर शंभरपटीने घटते. मग कण जवळ येतात आणि जवळच्या अंतरावर प्रबळ होणारे दुसरे आकर्षण त्यांना चिकटवते. तुरटीचे आयन हेच काम अधिक जोराने करतात. नदीचा गाळ खाडीच्या तोंडाशी बसतो, त्यातही खाऱ्या पाण्याचा हात आहे. हा हिशेब डेरयागिन व लांडाऊ यांनी 1941 साली आणि फेरवे व ओव्हरबेक यांनी 1948 साली मांडला.

याच्या उलट, मीठ जवळजवळ काढून टाकले तर? पॉलिस्टायरीनचे एकसारखे सूक्ष्म गोळे परस्परांना लोटत लोटत समान अंतरावर रांगा धरून उभे राहतात. हा कलिल स्फटिक. त्यावर प्रकाश पडला की मोरपिसासारखे रंग चमकतात. चिमूटभर मीठ टाका, रांगा मोडतात, रंग जातात.

येथवर सारे सुरळीत वाटते. परंतु 1984 साली जपानमधील सोगामी व ईसे यांनी मांडले की, सारख्या भाराच्या कणांत दूरवर क्षीण आकर्षणही असते. मोठा वाद झाला. 1997 साली लार्सन व ग्रायर यांना काचेच्या भिंतीजवळ तसे आकर्षण आढळले. 2000 साली स्क्वायर्स व ब्रेनर यांनी दाखवले की, भिंत कणांना दूर लोटते तेव्हा पाणीच असे वाहते की कण एकमेकांकडे ओढल्यासारखे दिसतात. वाद मिटला म्हणावे, तर 2024 साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पाण्यातील ऋणभारित कणांमध्ये आकर्षण दिसल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्या मते द्रावकाचे रेणूच त्यास कारण आहेत.

फळ्यावरचे माझे वाक्य खोटे नव्हते, अपुरे होते. दोन कणांमधले नाते केवळ त्या दोघांवर ठरत नाही. मधले पाणी, आयन, भिंत सारे त्यात भाग घेतात.

पुढच्या तासाला त्या मुलीला मी वर्गासमोर सांगितले, “बेटा, प्रश्न तुझा बरोबर होता, उत्तर माझे चुकले.” पालकहो, मुलगा असो वा मुलगी, घरी प्रश्न विचारला तर गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर “आपण मिळून शोधू,” एवढे म्हणा. इल्मची सुरुवात तेथूनच होते.

खुदा हाफिज.