आवाज म्हणजे ताकद नव्हे
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की दगड, वाळू, मुरूम, सिमेंट आले आणि ते वाहून आणणारी मालमोटारही आली. जमाखर्चाच्या वहीत तिचे भाडे एका ओळीत मावते. परंतु पहाटे साखरझोपेतल्या घरांवरून, शाळेला निघालेल्या पोरांजवळून आणि बुजणाऱ्या बैलांपुढून ती धडधडत जाते, तो हिशेब कोणत्याच वहीत नसतो. आजचा विषय तोच आहे. सैन्यातून निवृत्त झालेली जुनी, दणदणाट करणारी मालमोटार आणि तिला बसवायचा शांत सायलेन्सर.

फौजेची जुनी गाडी आपल्या लोकांना नवी नाही. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याला नको झालेल्या गाड्या देशभर विकल्या गेल्या. लोक त्यांना 'डिस्पोजलचा माल' म्हणत. पुढे आपल्या देशात तयार झालेला 'शक्तिमान' आला. जर्मनीच्या एम. ए. एन. कंपनीशी करार होऊन १९५९ पासून तो जबलपूर येथे बनू लागला. १९९० नंतरच्या दशकात त्याचे उत्पादन थांबले. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांना शक्तिमानची ओळख करून द्यावी लागत नाही. ओढणारा, चिखलाला न डगमगणारा आणि दुरुस्तीला सोपा अशी त्याची कीर्ती. फक्त एक गोष्ट त्याच्याकडे नव्हती, ती म्हणजे हळू आवाज.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. फौजी गाडी नाले ओलांडण्यासाठी आणि दगडधोंड्यातून जाण्यासाठी बांधलेली असते. तिच्या पोटाखाली मोठा, लोंबता डबा चालत नाही. त्यात गाडी जुनी झाली की सायलेन्सर आतून कुजतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर बाहेर पडते. गाडी थोडीच चालून थांबली तर ही वाफ डब्यातच थिजते आणि पत्रा गंजतो. बाहेरून डबा धडधाकट दिसतो, परंतु आतल्या जाळ्या आणि पडदे गळून गेलेले असतात. गाडीला सायलेन्सर आहे असे मालक म्हणतो, ते खरे असते. तो काम करीत नाही, हेही तितकेच खरे असते.

आता आवाज येतो कोठून? सहा सिलिंडरचे चार फेरीचे इंजिन मिनिटाला दोन हजार वेळा फिरत असेल, तर दर फेऱ्याला तीन याप्रमाणे सेकंदाला शंभर वेळा तापलेला धूर दाबाने बाहेर उसळतो. सेकंदाला शंभर ठोके म्हणजे जाड, खालच्या पट्टीचा आवाज. असा आवाज भिंत अडवू शकत नाही. दार लावले तरी तो आत येतो, टिनपत्रे आणि फडताळातली भांडी थरथरवतो. चांगल्या सायलेन्सरच्या डब्यात कप्पे असतात. आवाजाची लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना आपटून मागे फिरते आणि पुढून येणाऱ्या लाटेचा जोर मारते. वरच्या पट्टीचा चरचराट शोषण्यासाठी काही डब्यांत काचलोकर भरलेली असते. जाड आवाजाला मोठी पोकळी लागते. म्हणून मोठ्या इंजिनाला लहान गाडीचा डबा बसवून काम होत नाही.

येथेच एक मोठी चूक घडते. आवाज बंद करायचा म्हणून कोणी अरुंद नळी जोडतो, कोणी डब्यात जाळ्यांवर जाळ्या ठोकतो. गाडी गावात शांत होते आणि घाटात दम टाकते. मलकापूरहून बुलढाण्याकडे येताना राजूर घाट लागतो. भरलेली गाडी तेथे चढावर असताना धुराला वाट मिळाली नाही, तर इंजिनाला ताजी हवा पुरेशी मिळत नाही. काळा धूर निघतो, इंजिन तापते, डिझेल जास्त जाते आणि ओढ कमी होते. मग मालक चिडून डबाच कापून टाकतो आणि सांगतो, "आवाज असला तरच गाडीत जोर असतो." वास्तविक जोर आवाजात नव्हताच. तो मोकळ्या श्वासात होता. शांत करायचे म्हणजे गळा आवळायचा नव्हे. धुराला पूर्ण वाट द्यायची आणि फक्त आवाज आत ठेवायचा, हे खरे कसब आहे.

हे काम क्रमाने करावे. प्रथम नवा डबा घेण्याची घाई करू नये. पुष्कळदा आवाज डब्याचा नसतो, तो इंजिनाजवळच्या जोडाचा असतो. तेथील गॅस्केट फुटले की फटफट आवाज येतो आणि जोडापाशी काजळी धरते. गाडी थंड असताना, उघड्या जागी, ती चालू करून कान देऊन पाहावे. बंद शेडमध्ये हे करू नये, कारण धुरातला विषारी वायू जीव घेतो. गळती बंद केल्यावर त्या इंजिनाच्या ताकदीला साजेसा डबा निवडावा. नळीचा व्यास मूळच्या नळीपेक्षा कमी नसावा आणि वळणे थोडी असावीत. डबा चासीला थेट वेल्ड न करता रबराच्या आधारावर टांगावा, नाहीतर हादरे सगळ्या सांगाड्यात पसरतात. डब्याच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघण्यास बारीक छिद्र असावे. नळीचे तोंड ताडपत्रीकडे किंवा मालाकडे वळलेले नसावे. कापूस आणि कडबा वाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही बाब मुळीच लहान नाही. तापलेल्या नळीला कपाशीचा बोळा लागला तर वर्षाची कमाई घटकेत राख होते.

इतके करूनही गाडी मोटारीसारखी गुपचूप चालणार नाही. पंख्याचा, गिअरचा आणि जाड नक्षीच्या टायरचा आवाज राहतोच. त्यावर सायलेन्सरचा इलाज नाही. तथापि धुराच्या नळीचा आवाज दहा डेसिबलने उतरला, तर कानाला तो जवळजवळ निम्मा वाटतो. एवढा फरकसुद्धा आजारी माणसाला आणि पाळण्यातल्या बाळाला पुरेसा मोलाचा आहे.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. गाडी पूर्वी फौजेची होती म्हणून सूट मिळत नाही. लिलावातून आणलेल्या गाडीचे कागद जितक्या काळजीने जपतो, तितक्याच काळजीने हा नियमही पाळावा.

परंतु दंडापेक्षा मोठी गोष्ट चालकाची आहे. गावाला आवाज दोन मिनिटे सोसावा लागतो, चालकाला दिवसभर. पंच्याऐंशी डेसिबलच्या वर आठ तास रोज काढले तर कानाची हानी होऊ लागते आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. प्रथम बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द उमगत नाहीत. घरची मंडळी म्हणतात, "बुवा आता लक्ष देत नाहीत." लक्ष असते, कान गेलेला असतो. सायलेन्सरच्या खर्चाचा विचार करताना मालकाने ही बाबही हिशेबात धरावी.

शेवटी एक गोष्ट देवळाच्या पायरीवर उभे राहून बोलणे भाग आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. तो नियम मालमोटारवाल्याला दाखवायचा आणि देवळाच्या कळसाजवळ टांगलेल्या कर्ण्याला माफ करायचा, हे न्यायाचे होणार नाही. दगड वाहणारा गरीब आहे म्हणून त्याला बोलणे सोपे असते. कर्णा वर्गणीचा असतो, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला दोन्ही आवाज सारखेच लागतात.

जीर्णोद्धार म्हणजे जुने मोडून टाकणे नव्हे. जे टिकाऊ आहे ते ठेवून, जे कुजले ते बदलणे होय. जुन्या शक्तिमानचे इंजिन टिकाऊ आहे, कुजला आहे तो डबा. तो बदलावा आणि गाडीने खुशाल दगड वाहावेत. देवळाचे काम पुरे झाल्यावर कर्ण्याचाही आवाज आवारापुरता राहील असा ठराव ग्रामसभेत व्हावा, एवढी विनंती करून हे भाषण येथे संपविण्यात येत आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!