टेकली म्हणजे लागली नव्हे

श्रोतेहो, धूमकेतू म्हणजे काय, त्याला शेपूट का फुटते, हे आपण जाणताच. त्यात वेळ घालवत नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी युरोपच्या रोझेटा यानापासून सुटलेलं 'फिले' ६७पी या धूमकेतूवर 'उतरलं', असं सगळे लिहितात. माझा आक्षेप या क्रियापदाला आहे. खरी परीक्षा तिथं टिकून राहण्याची होती.

लहानपणी आजोळी जाताना खाडी तरीनं ओलांडावी लागे. होडी धक्क्याला टेकली की मी उडी मारायला उठायचो आणि आजोबा दंड धरायचे. "थांब. टेकली म्हणजे लागली नव्हे." आणि खरंच, टेकल्याच्या धक्क्यानंच होडी हातभर मागं सरायची, मध्ये काळं पाणी दिसायचं. मग खलाशी दोराचा फास खुंट्यावर टाकायचा. दोर ताणून करकरायचा, त्यातून पाणी निथळायचं, होडी परत धक्क्याशी यायची. तेव्हा कुठे आजोबा दंड सोडायचे.

फिलेकडेही असे दोर होते, दोरी बांधलेले दोन हार्पून. शंभर किलोचं यंत्र, पण त्या चारेक किलोमीटरच्या धूमकेतूवर त्याचा भार जेमतेम ग्रॅमभर. म्हणून वरून रेटायला वायूचा झोत आणि पायांत स्क्रूही दिले होते. झोत चालत नाही हे आदल्या रात्रीच कळलं, तरी सोडायचं ठरलं. सात तासांनी फिले टेकलं, आणि हार्पून सुटलेच नाहीत. ते उसळलं, सुमारे किलोमीटरभर वर गेलं आणि पुन्हा खाली यायला जवळजवळ दोन तास लागले. संदेश पृथ्वीवर पोचायला २८ मिनिटं लागत. डार्मस्टाटच्या नियंत्रणकक्षात टाळ्या पडल्या, तेव्हा फिले अधांतरी होतं!

मागून चांद्रयानाचं नाव आलं. नाही हो, मी त्याला मुळीच कमी लेखत नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला माझेही डोळे भरून आले होते. पण चंद्र खाली ओढतो. तिथं वेग आवरावा लागतो. धूमकेतू जवळजवळ धरतच नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. तेव्हा या धूमकेतूवरच्या पाण्याचं थोडक्यात: तिथल्या वाफेत जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्या समुद्राच्या सुमारे तिप्पट निघालं. म्हणजे आपले समुद्र असल्या धूमकेतूंनी भरले, हे म्हणणं अवघड झालं.

फिले शेवटी एका कड्याच्या सावलीत अडकलं. ऊन अपुरं, बॅटरीवर साठेक तास काम करून ते झोपलं. पुढच्या जूनमध्ये थोडं बोललं, जुलैत पुन्हा गप्प झालं. नेमकं कुठे आहे, ते सापडेना. शोध थांबला नाही. २ सप्टेंबर २०१६ रोजी, मोहीम संपायला महिनाही उरला नसताना, रोझेटानं पावणेतीन किलोमीटरवरून टिपलेल्या छायाचित्रात ते दिसलं: अंधाऱ्या फटीत कलंडलेलं, तीनपैकी दोन पाय बाहेर. दोर लागलाच नव्हता. फटीनं धरून ठेवलं होतं.